झालं म्हणेपर्यंत

१

माझ्या ताईला सगळा बाजार 'शटर' म्हणायचा. सकाळी दुकानाचं शटर तीच वर करायची आणि पुढे दिवसभर कॅमेऱ्याचं शटरही तीच. भाऊजींचा कॅमेरा म्हणजे चाकं लावलेलं लाकडी कपाट. त्याच्या पुढे पितळी लेन्स, उचलायला दोन हात लागतील अशी. ती घडली त्या काळात लेन्समध्ये शटर बसवायची पद्धतच नव्हती. पुढचं झाकण काढलं की उजेड आत, लावलं की बंद. झाकण कोणाच्या हातात, तर ताईच्या.

मी घड्याळं आणि कॅमेऱ्यांची शटरं दुरुस्त करतो. सख्ख्या बहिणीच्या घरी ज्याचं काडीचं काम नाही, नेमका तोच धंदा मी शोधून काढला. भाऊजी मला किल्ली म्हणतात. "किल्ली, तुझं पोट माझ्यावर असतं तर तू कधीच वाळून गेला असतास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते चहाबरोबर रोज मिळायचं.

त्यांची कामाची रीत अशी. भाऊजी फोकस करायचे, फिल्म सरकवायचे आणि जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. ताई कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला, एका ठरावीक फळीवर. त्या फळीवर पाय पडला की ती कर्र करून ओरडायची, म्हणजे गिऱ्हाइकाला कळायचं की आता सावरून बसायचं. ताई झाकण काढायची, पण लेन्ससमोर बोटभर अंतरावर तसंच धरून ठेवायची. काढतानाचा हादरा जिरला की मग हात वर. आणि भाऊजी "झालं" म्हणेपर्यंत हात वरच. ती स्वतःच्या मनाने कधी बंद करायची नाही. मान ढळतेय, डोळे भरतायत, हे भाऊजींना दिसायचं. तिला तिथून काय दिसणार?

एकदा एक वकील आले होते. गप्पिष्ट माणूस. फोटोसाठी तोंड मिटलं, पण त्याआधीच त्यांनी भाऊजींना असा काही प्रश्न टाकून ठेवला होता की भाऊजी त्याचं उत्तर द्यायला लागले आणि "झालं" म्हणायचं विसरूनच गेले. वकीलसाहेब बसलेत, भाऊजी बोलतायत आणि ताई झाकण धरून उभी. मी स्टुलावर बसून हसू दाबतोय. शेवटी वकीलच म्हणाले, "अहो, बाईंचा हात गळून पडेल." फिल्म अर्थातच काळीठिक्कर. भाऊजी वैतागले, तर ताई शांतपणे म्हणाली, "मला काय सांगता? तुम्ही म्हणाला नाहीत, मी लावलं नाही."

तिचा उजवा खांदा कायमचा धरलेला असायचा. दिवस संपत आला की ती डाव्या हाताने उजवं कोपर खालून तोलून धरायची, पण हात खाली घ्यायची नाही. रात्री भाऊजी तिच्या खांद्याला शेक द्यायचे. माझ्या समोर कधी नाही, पण गरम पाण्याची पिशवी दोरीवर वाळत घातलेली मी कितीदा पाहिली आहे.

२

ती गेली तेव्हा खुर्चीत एक निवृत्त नर्स बसली होती. तिनेच मला सगळं सांगितलं. ताईने झाकण काढलं, हात वर केला, आणि नर्सबाईंची नजर लेन्सवर असल्यामुळे त्यांना ते आधी दिसलं. ताईचा चेहरा राखेसारखा झाला. "मी उठेपर्यंत त्या खाली बसल्या होत्या. हळूच. काहीही न सांडता," असं त्या म्हणाल्या. भाऊजी धावले. नर्सबाईंनी छाती दाबून पाहिली, काही उरलं नव्हतं. शेजारचे आले, गाडी आली, सगळे गेले. कॅमेरा तसाच उघडा राहिला.

चार लोकांचं येणंजाणं संपल्यावर मीच स्टुडिओ आवरायला गेलो. उघडी राहिलेली फिल्म काढून टाकली. काजळी होऊन गेलेली, तिचं काय करायचं! झाकण शोधलं. कपाटाखाली, पडद्यामागे, केराच्या डब्यात, सगळीकडे. पत्र्याच्या डब्याचं जुनं झाकण ते, आत ताईने काळी मखमल शिवली होती. कुठेच नाही. धांदलीत कोणाच्या तरी पायाने उडालं असेल म्हणून मी नाद सोडला.

भाऊजींनी काम बंद केलं. खुर्चीमागचा पडदा धुवायला काढला तो परत लावला नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांनी भांग पाडायचा आरसा उघडाच राहिला. मी रोज जायचो, चहा करायचो, त्यांचा चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची. ते बोलायचे ते 'हो' आणि 'बघू'.

मग भाचीचं पत्र आलं. ताईला एकच मुलगी, दुसऱ्या गावी दिलेली. बाळ झालं त्याला थोडेच महिने झाले होते आणि जावयांची बदली पार समुद्रापलीकडे. जायच्या आधी ती बाळाला घेऊन येणार होती. "बाबा, ज्या लेन्सने माझा पहिला फोटो काढलात, त्याच लेन्सने हिचा काढा. मला दुसरं काही नको."

भाऊजींनी ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "किल्ली," ते म्हणाले, "आता झाकण कोण धरणार रे?"

मी कारागीर माणूस, मला दुःखावर एकच इलाज ठाऊक आहे. मी म्हणालो, "त्याची सोय माझ्याकडे. उद्याच शटर आणतो."

३

बिनशटरच्या लेन्सला शटर जोडायचे बरेच मार्ग आहेत. टोपी काढूघालू शकता, काळा पुठ्ठा धरू शकता, पण त्याला माणूस लागतो. माणूस नको असेल तर रबरी फुग्याचं शटर. लेन्सच्या तोंडावर चौकट बसते, तिच्या आत पत्रे, एक लांब नळी आणि टोकाला फुगा. फुगा दाबला की पत्रे उघडतात, सोडला की मिटतात. भाऊजींना गिऱ्हाइकाशेजारी उभं राहून दाबता येईल, म्हणून मी तेच आणलं. माझ्याच कपाटात वर्षानुवर्षं पडून होतं.

बसवताना मी ताईच्या फळीवर उभा राहिलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. घरी जाताना जिन्यात लक्षात आलं. फळी ओरडली नव्हती. मी परत वर जाऊन मुद्दाम पाय दिला. गप्प. जरा दाबली, तरी गप्प. आधीच कोणी तिच्यावर उभं असावं तशी ती खाली बसलेली होती. लाकूड आहे, हवेने फुगतं, असं म्हणून मी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी मीच खुर्चीत बसलो. भाऊजींनी फुगा दाबला, सोडला. फस्स, फस्स. काम चोख. भाऊजी डार्करूममध्ये गेले, फिल्म धुतली आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातातली निगेटिव्ह ओली होती आणि डोळे कोरडे होते.

"बघ," ते म्हणाले.

खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवरची नक्षी, मागची भिंत, आरशाची चौकट, सगळं लख्ख. मी नव्हतो.

"मी बसायच्या आधीच दाबलंत की काय?" मी विचारलं.

"तू समोर बसलेला असताना दाबलं."

मी निगेटिव्ह उजेडाला धरली. भिंतीवरचं घड्याळ होतं, त्याचे आकडे होते, काटे मात्र नव्हते. हा प्रकार मला माहीत आहे, तो मी भाऊजींनाही समजावला. फार वेळ लेन्स उघडी ठेवली तर जे हलतं ते पुसून जातं आणि जे हलत नाही ते राहतं. रस्त्याचे फोटो काढणारे याच युक्तीने गर्दी नाहीशी करतात. म्हणजे माझं शटर उघडं अडकलं असणार. पण मग फिल्म वकीलसाहेबांसारखी काळी व्हायला हवी होती, आणि ही तर अशी छान उतरली होती की भिंतीवर लावावी.

"शटर गळतंय," मी म्हणालो.

"असेल," भाऊजी म्हणाले. माझ्या शटरला नावं ठेवायची इतकी चांगली संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

४

माझा अहंकार दुखावला, हे कबूल. मी फुग्याचं शटर खोललं, जोडलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. एक किरण गळेल तर शपथ. तरी दुसरं आणलं, कापडी पडद्याचं, दोरी ओढली की पडदा सर्रकन उतरतो. मग वजनाने वरून खाली पडणाऱ्या फळीचं. शेवटी लेन्सच्या मागे बसणारं पोलादी पात्यांचं, जे मी जीवापाड जपून ठेवलं होतं. प्रत्येकाचा आवाज वेगळा, प्रत्येकाची चाल वेगळी. निगेटिव्ह मात्र एकच. रिकामी खुर्ची आणि बिनकाट्याचं घड्याळ.

एकदा मी खुर्चीवर फुलदाणी ठेवली, ताज्या फुलांची. फुलं काही पळून जात नाहीत. फिल्ममध्ये फुलदाणी आली. तिच्या तोंडावर नुसतं धुरकट काहीतरी होतं, फुलं उमलून, सुकून, गळून गेल्यावर उरेल तेवढं.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आता भाऊजींच्या केमिकलवर घसरलो. ते ऐकून घ्यायचे. अलीकडे ते फार शांत झाले होते आणि मला बापड्याला ते बरं लक्षण वाटत होतं. सकाळी मी जायचो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेले असायचे, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात मांडीवर. मी हाक मारली तरी मान वळायला वेळ लागायचा. "झोप लागली होती का?" असं विचारलं तर म्हणायचे, "नाही रे. बसलो होतो." शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला होता. जेवलात का म्हटलं की 'हो', आणि भांडी कोरडी.

मग भाची आली, बाळाला घेऊन. बाळ गुटगुटीत, सारखं हात हलवणारं. भाऊजींनी त्याला घेतलं, पण काचेचं भांडं घ्यावं तसं, आणि लगेच परत दिलं. भाची माझ्याकडे बघायला लागली. मी नजर चुकवली.

तिने हट्टाने फोटो काढायला लावला. आईचीच मुलगी. ती बाळाला घेऊन खुर्चीत बसली, भाऊजी शेजारी उभे राहिले, मी कॅमेऱ्यामागे. पोलादी शटर कट् करून वाजलं. या वेळी आम्ही तिघंही डार्करूममध्ये दाटीने उभे होतो. लाल दिव्याखाली निगेटिव्ह वर आली.

भाची नव्हती. बाळ नव्हतं. खुर्ची मात्र रिकामी नव्हती. तिच्यात भाऊजी बसले होते. पुसट, आरपार दिसणारे, हात मांडीवर.

"हे काय?" भाची म्हणाली. "बाबा तर उभे होते ना? मामा, बाबा उभे होते ना?" ती आधी हसली आणि मग तिला रडू फुटलं. "आई गेली म्हणजे आम्हीपण गेलो का ह्यातून? बाबा, मी कुठंय ह्यात?"

भाऊजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्यांचं लक्ष निगेटिव्हकडे होतं, आणि ते खूश होते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

५

सगळ्या निगेटिव्ह मी माझ्या दुकानात घेऊन आलो आणि कागदावर उतरवल्या. भर दुपार होती, बाहेर माणसं भाव करत होती, समोरचा चहावाला कोणावर तरी ओरडत होता. घड्याळाच्या चाकांसाठीचं भिंग मी डोळ्यात बसवलं. दोष शोधायचा तर कोपऱ्यापासून सुरुवात करायची, ही माझी सवय. कोपऱ्यात आरसा होता.

आरशात कॅमेरा दिसत होता, नखाएवढा. मी दिसायला हवा होतो, निदान फुलदाणीच्या आणि भाचीच्या फोटोत, कारण तेव्हा मी त्याच्यामागे उभा होतो. पण मी हलत असणार, मी नव्हतो.

कॅमेऱ्याच्या उजव्या हाताला एक बाही होती. तपकिरी स्वेटरची, मनगटाशी दुसऱ्या रंगाच्या लोकरीने रफू केलेली. ते रफू मी ओळखतो. त्या लोकरीचा गुंडा माझ्याच घरून गेला होता. बाहीतून हात वर गेला होता आणि हातात एक वाटोळं काळं काहीतरी होतं. एकेक टाका मोजता येईल इतकं स्पष्ट. जे हलत नाही, तेच असं येतं.

चेहरा लाकडी खोक्याच्या आड होता. त्याबद्दल मी आजही आभार मानतो.

मी भिंग काढलं. डोळा पुसला. माणूस दुःखात काय काय बघतो, हे मी इतरांना शहाणपणाने सांगत आलो होतो. पुन्हा भिंग लावलं. मग सगळे कागद फोटो काढल्याच्या क्रमाने टेबलावर मांडले आणि इथे माझं शहाणपण संपलं. पहिल्यात हात उंच होता, ती नेहमी धरायची तेवढा. कापडी पडद्याच्या वेळी जरा खाली. फुलदाणीच्या वेळी दुसरा हात आला होता, कोपराखाली. आणि भाचीच्या फोटोत खांदा कानापर्यंत चढला होता आणि सबंध बाही वाकडी झाली होती, तरी हात वरच होता.

मी दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना रडलो. त्याला वाटलं त्याचं घड्याळ बिघडलं कायमचं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खुर्चीतच होते. भाची खालच्या खोलीत बाळाला अंघोळ घालत होती, पाण्याचा आणि त्याच्या खिदळण्याचा आवाज वर येत होता. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"पहिल्याच फिल्मला," ते म्हणाले. "माझी नजर अजून शाबूत आहे, किल्ली."

"मग मला शटरं का आणू दिलीत?"

"तू आणत होतास तोवर एकेक फिल्म निघत होती. प्रत्येक फिल्ममध्ये ती होती." ते हळू बोलत होते, ओठ फार न हलवता. "आणि जो हलत नाही तो त्यात राहतो, हे तूच मला समजावलंस. मी बसतो रोज. आता उमटायला लागलोय, पाहिलंस ना? अजून थोडे दिवस बसलो की नीट येईन."

परीक्षेत पास झालेलं पोर सांगतं तशा आनंदाने त्यांनी हे सांगितलं. मला संताप आला. खाली ती पोरगी आहे, आईविना, परवा समुद्रापलीकडे निघालेली, आणि हा माणूस भिंतीसारखा व्हायला बसलाय! मी त्यांना गदागदा हलवणार होतो. पण हलवून काय होणार? मी खिशातून भिंग काढलं.

"हे लावा. आणि क्रमाने बघा. तिच्याकडे नको, तिच्या खांद्याकडे बघा."

"ती आहे एवढं मला पुरे."

"भाऊजी, बघा म्हणतो ना!"

त्यांनी भिंग लावलं. एक कागद पाहिला, दुसरा पाहिला. तिसरा त्यांनी उजेडाकडे वळवून धरला. शेवटच्या कागदावर ते इतका वेळ वाकून राहिले की मला वाटलं आता हे उठतच नाहीत.

"कोपर धरलंय तिने," ते म्हणाले.

"हो."

"संध्याकाळी धरायची. फार दुखायला लागलं की."

"हो."

"अरे, पण मग ती खाली का घेत नाही हात?"

उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसलं. त्या दिवशी नर्सबाई ओरडल्या, भाऊजी धावले, माणसं जमली. कोण काय काय बोललं, पण तो एक शब्द कोणी बोललं नव्हतं.

"मी म्हणालो नाही," ते म्हणाले. "मी म्हणालो नाही, तिने लावलं नाही."

७

"तुझं ते काढ," त्यांनी मला सांगितलं. मी पोलादी शटर काढलं. लेन्स पूर्वीसारखी उघडी झाली.

"फिल्म घालू?"

"नको. तू कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघ. मला इथून काही दिसणार नाही."

मी कॅमेऱ्यामागे गेलो आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. उजवीकडची ती फळी माझ्यापासून हातभर होती. मी कोपर अंगाशी घट्ट धरलं, कोणाला धक्का लागू नये म्हणून. दुधी काचेवर खोली उलटी लटकत होती. खुर्ची वर, छत खाली, आणि भाऊजी डोक्यावर उभे, त्यांच्या नेहमीच्या जागी. आरशाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलं. एवढंसं तपकिरी काहीतरी होतं, आणि ते थरथरत होतं.

कापडाखाली माझ्याच श्वासाचा आवाज येत होता. निदान मी तसं धरून चाललो. मग मी श्वास रोखला, आणि आवाज थांबला नाही.

भाऊजी बोलले, पण तो शब्द नाही. "दमलीस का गं?" ते म्हणाले. मग, "किती वेळ उभी राहिलीस. वेडी कुठली." मग बराच वेळ काही नाही. मला कळत होतं. एकदा तो शब्द उच्चारला की तिचा हात खाली येणार होता, आणि नंतर कोणत्याच फिल्ममध्ये ती असणार नव्हती. मीही मनात म्हणत होतो, नका म्हणू. अजून एक दिवस. तिला दुखतंय हे माहीत असून मी असं म्हणत होतो. ती माझीही बहीण होती.

खाली बाळ खिदळलं.

"झालं," भाऊजी म्हणाले. आवाज फाटला म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, नेहमी गिऱ्हाइकासमोर म्हणत तसं, स्वच्छ. "झालं हं. लाव."

पितळेवर मखमल बसल्याचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. तो आवाज असा असतो की दुसऱ्या कुठल्याही आवाजाशी त्याची गल्लत होत नाही. काच काळी झाली. आणि माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, ती फळी कर्र करून वर आली.

मी कापडातून लगेच बाहेर आलो नाही. भाऊजींचं हुंदक्यांनी रडणं ऐकू येत होतं, ती गेल्यापासून पहिल्यांदा. मला त्या दोघांना एकटं सोडायचं होतं. बाहेर आलो तेव्हा झाकण लेन्सवर होतं.

८

भाची बाळाला घेऊन वर आली. बापाचे डोळे सुजलेले बघून तिने काही विचारलं नाही, नुसती त्यांना बिलगली. मग तिचं लक्ष लेन्सकडे गेलं. "आईचं झाकण सापडलं?" ती म्हणाली. "कुठं होतं?"

"इथंच होतं," भाऊजी म्हणाले.

"किल्ली," मग ते मला म्हणाले, "तिच्या जागी उभा राहा."

मी फळीवर पाय दिला. ती ओरडली. बाळाने दचकून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मोठे केले. मी झाकण काढलं, बोटभर अंतरावर धरलं, हादरा जिरू दिला. मखमल आतून कोमट होती. मग हात वर केला.

एवढासाच वेळ असतो तो. तरी माझा खांदा भरून आला, आणि मला ती उभी दिसली, ती सगळी दुपार, ते सगळे आठवडे. भाऊजी खुर्चीशेजारी उभे होते, नातीच्या चेहऱ्याकडे बघत. ते काही बोलेनात. मी हात खाली घेतला नाही.

"बाबा," भाची ओठ न हलवता म्हणाली, "म्हणा ना."

"झालं," ते म्हणाले. मी झाकण लावलं.

फोटो चांगला आला. बाळाचा एक हात हलला आहे, पण चेहरा लख्ख आहे, आणि भाची तर तिच्या आईसारखी दिसते. घड्याळाला काटे आहेत. भाऊजींनी माझं भिंग मागून घेतलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर वाकले. आरशात कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी झाकण धरून मी उभा होतो, पोट सुटलेला, तोंड वेंगाडलेला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग भिंग पुसून मला परत दिलं.

"तूच आहेस," ते म्हणाले.